काका म्हणायचं नाही

माझ्या सासरी माणसांना कधी तोटा नव्हता. जवळचे, लांबचे, जेवणापुरते आणि वादापुरते असे नातेवाईक वर्षभर येत-जात असायचे. त्यांतल्या पुष्कळांचे चेहरे मी आता विसरून गेले आहे. पण ज्यांचा आमच्या कुळाशी काडीचा संबंध नव्हता, ते त्र्यंबकराव मला नखशिखान्त आठवतात. ते आमच्या घरी पगारावर होते, हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो. ते घरात होते तेव्हा मात्र हे वाक्य आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघत नव्हतं.

तीस सालच्या आगेमागेची गोष्ट. मी पालीची, लग्न होऊन रत्नागिरीत आले त्याला चार-पाच वर्षं झाली होती. आमचे हे मुंबईला नोकरीत, वर्षातून दोनदा यायचे. घरात थोरले दीर, म्हणजे दादाभावोजी. ते हायस्कुलात मास्तर. त्यांची बायको म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी वहिनी म्हणत असे. त्यांचा मुलगा बंडू, माझी लहानगी लेक. आणि मामंजी, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे. तात्या कोर्टात शिरस्तेदार होते. सहा फुटी देह, आवाज असा की ओटीवर खाकरले तरी मागीलदारची मांजर उठून जाई. त्या माणसाच्या अंगावरून एका सकाळी वारा गेला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. बुद्धी मात्र होती तशीच लख्ख राहिली, आणि त्यातच सगळे हाल होते.

दादाभावोजी दिवसभर शाळेत. आम्ही दोघी सुना मिळून तात्यांना कुशीवर वळवायला गेलो तरी आमचा जीव मेटाकुटीला येई. त्यात तात्यांना सुनांनी हात लावलेला सहन होत नसे. एकदा ते ओल्या अंथरुणात दुपारभर तसेच पडून राहिले, हाक मारली नाही. वहिनींना ते कळलं तेव्हा त्या माजघरात बसून रडल्या. मलाही रडू आलं, पण रडून अंथरूण वाळत नाही.

अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली होती. गावाकडचा एखादा गरीब भाऊबंद आणून ठेवायचा. तो दोन वेळा जेवणार, घरातली जुनी धोतरं नेसणार आणि म्हाताऱ्या माणसाचं सगळं करणार. त्याला काका म्हटलं की झालं. लोक म्हणायचे, वा, घरचं माणूस करतंय. तेच काम करायला कोणी पगार देऊन माणूस ठेवला, तर मात्र पोटच्या मुलाने बापाला गड्याच्या स्वाधीन केलं म्हणून त्याची छी-थू व्हायची. दादाभावोजी तसे भले गृहस्थ, पण लोक काय म्हणतील या एका गोष्टीपुढे त्यांचं भलेपण मान खाली घालून उभं राही. त्यांना असा भाऊबंद हवा होता आणि तो काही मिळत नव्हता.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी त्र्यंबकरावांचं नाव सुचवलं. मुंबईत एका इस्पितळात त्यांनी बरीच वर्षं रोग्यांची सेवा केली होती आणि आता ते गुहागराकडे आपल्या गावी परत आले होते. त्यांचं आडनाव आमचंच निघालं. ते ऐकून दादाभावोजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तेवढा तात्यांना आराम पडला असता तरी पसरला नसता. आडनाव एक, गोत्र एक, म्हणजे कुठे ना कुठे नातं असणारच, असं त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या अण्णांना सांगून टाकलं.

त्र्यंबकराव आले ते पांढऱ्याशुभ्र धोतरात, सडसडीत आणि ताठ. पन्नाशीच्या आसपासचे. ओटीवर बसायला सांगितलं तर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. पगार महिन्याच्या महिन्याला. दर एकादशीला संध्याकाळी सुट्टी. रात्रीचा मऊ भात तात्यांना मुलाने भरवायचा, ते काम त्र्यंबकराव करणार नाहीत. ते मुलाचं आहे आणि त्याचे पैसे त्यांना नकोत. दादाभावोजी सगळ्याला हो म्हणाले. मग लाघवी आवाजात त्यांनी आपलं घोडं पुढे दामटलं. म्हणाले, आता तुम्ही आमचे काकाच.

"काका म्हणायचं नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "आडनाव एक आहे, पण सात पिढ्या खणल्यात तरी नातं निघणार नाही. मी तुमच्याकडे कामाला आलो आहे, दादासाहेब. तेवढंच म्हणा."

मी दाराआडून ऐकत होते. असं तोंडावर बोलणारा माणूस तात्यांनी अंथरूण धरल्यापासून त्या ओटीवर मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांची कामाची पद्धत त्यांचीच होती. तात्यांच्या खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्याशी थांबत आणि आपलं नाव सांगत. अंगाला हात लावण्याआधी विचारत, "तात्यासाहेब, कूस बदलू?" तात्या डोळ्यांनी हो म्हणाले की मगच पुढे होत. एखादे दिवशी तात्या मुद्दाम नाही म्हणत, तर त्र्यंबकराव बाहेर येऊन थांबत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. बंडूने एकदा त्यांना विचारलं, आजोबांना हलताही येत नाही, मग विचारता कशाला. ते म्हणाले, "अंग त्यांचं आहे ना? मग परवानगी त्यांची." शिरस्तेदारी गेल्यापासून ज्या माणसाला कोणी काही विचारत नव्हतं, त्याला आता दिवसभर कोणीतरी परवानगी मागत होतं. तात्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा कोर्टातली ऐट आली.

दाढी करताना ते तात्यांसमोर आरसा धरत. आळीतले तंटे गोळा करून त्यांच्यापुढे मांडत. अमक्याच्या गाईने तमक्याचा दोडक्याचा मांडव खाल्ला, न्याय काय? तात्या डाव्या हाताची बोटं उचलून निकाल देत आणि त्र्यंबकराव तो दोन्ही पक्षकारांना कळवून येत. गंमत अशी की लोक तो मानतही असत.

कीव त्यांना खपत नसे. समाचाराला येणारी माणसं खोलीत पाऊल टाकताच "अरेरे, काय हो ही अवस्था" असा सूर लावत. त्र्यंबकराव त्यांच्या कोपराला हळूच धरून त्यांना बाहेर आणत आणि अदबीने सांगत, "अरेरे पडवीत म्हणा. म्हणून झालं की आत या." काहींना राग आला. पण त्यानंतर तात्यांच्या खोलीत आंब्याच्या मोहराबद्दल, कोर्टातल्या नव्या साहेबाबद्दल, बंदरात आलेल्या बोटीबद्दल बोलणं होऊ लागलं. तात्या अर्धवट तोंडाने हसू लागले.

दोष नव्हते असं नाही. स्वतःच्या दंडांचा त्यांना भारी अभिमान होता. कापा फणस समोर आला की माणूस पार विरघळे. आणि हट्टी तर इतके की विचारू नका.

या हट्टाचं एक प्रात्यक्षिक आम्ही पाहिलं. शाळेतले हेडमास्तर तात्यांना भेटायला आले होते. दादाभावोजींनी ओळख करून दिली, "हे आमचे काका, गुहागराकडचे." पाहुणे गेल्यावर त्र्यंबकराव सरळ ओटीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसले. पानाचं तबक मागवलं. सुपारी कातरत त्यांनी मला हाक मारून चहा सांगितला. चहा आला तर त्यात आलं कमी आहे म्हणाले. मग घरातल्या नारळांची चौकशी, वहिनींच्या माहेरच्या माणसांवर शेरे, आजकालच्या मास्तरांना काही येत नाही असं एक भाषण. आत तात्यांना कूस बदलायची वेळ झाली. दादाभावोजी चुळबुळत म्हणाले, तात्यांकडे बघता ना जरा?

"मी का?" त्र्यंबकराव झोपाळ्याला पाय देत म्हणाले. "मी काका आहे. काका कुठे काम करतात? कामाला माणूस ठेवला असेल, तर बोलवा त्याला."

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. आतून तात्यांचं हसणं ऐकू आलं, मोठ्याने, किती महिन्यांनी. दादाभावोजींना मुकाट्याने चूक कबूल करावी लागली, तेव्हा कुठे काका झोपाळ्यावरून उतरले. त्यानंतर त्यांच्यासमोर दादाभावोजींनी तो शब्द काढला नाही. त्यांच्या पाठीमागे मात्र गावभर काकाच चालू होतं.

एवढं काय आहे त्या शब्दात, असं वहिनींनी एकदा त्यांना फणस सोलता सोलता विचारलं. तेव्हा एकदाच ते सांगून गेले. आईबाप लहानपणीच गेल्यावर ते एका चुलत चुलत्याच्या मोठ्या घरी वाढले. तिथे एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचं सगळं या पोराने केलं, थेट मिसरूड फुटेपर्यंत. सगळे म्हणायचे, त्र्यंबक घरचाच आहे. "घरच्याला ताप आला तरी घागर उचलावीच लागते, वहिनीबाई," ते म्हणाले. "आणि आजोबा गेल्यावर घरच्याला कोणी ठेवून घेत नाही." एवढं बोलून त्यांनी गरे मोजून वाटल्यासारखे नीट मांडले आणि विषय संपवला.

तात्यांच्या मनात आता एकच इच्छा उरली होती. बंडूची मुंज डोळ्यांनी पाहायची. ते जड जिभेने रोज तेच म्हणत. वैशाखातला मुहूर्त निघाला. त्यापुढे सिंहस्थ लागत होता, म्हणजे मग वर्षभर मुंजी-लग्नं बंद. तात्या तेवढे थांबणार नाहीत हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना दिसतही होतं. अंगणात मांडव पडला. हे मुंबईहून रजा घेऊन यायला निघाले होते.

मुंज तोंडावर आलेली, ओटीवर भटजी, शेजारचे अण्णा आणि आळीतली चार माणसं तयारीचं बोलत बसलेली. तेवढ्यात गुहागराकडून एक कुळवाडी आला आणि अंगणातूनच म्हणाला, "तिरंबकरावांचा चुलता गेला. सांगाय आलूय."

भटजींनी पंचांग मिटलं.

"दादा, हे तर भाऊबंदांतलं सुतक," ते म्हणाले. "मुंज राहिली. मांडव उतरवा."

मी माजघराच्या दारात उभी होते. आतल्या खोलीत तात्यांना सगळं ऐकू जात होतं, हे मला ठाऊक होतं.

त्र्यंबकराव तात्यांच्या खोलीतून बाहेर आले. दारातच, सगळ्यांपासून दूर उभे राहिले. म्हणाले, "सुतक मला आहे. यांना नाही. मी यांचा कोणी नव्हे."

भटजी म्हणाले, "ते यजमानांनी सांगायचं. दोन वर्षं गावभर आम्ही काका काका ऐकतो आहोत."

सगळे दादाभावोजींकडे बघू लागले. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. हो म्हणावं तर बापाची शेवटची इच्छा जाते, नाही म्हणावं तर दोन वर्षांची अब्रू. आतून तात्यांनी हाक मारली. "दादा" एवढंच, तेही अर्धवट.

"नाही," दादाभावोजी म्हणाले. इतकं हळू, की भटजींना कान पुढे करावा लागला. "आमचे भाऊबंद नव्हेत ते."

"मग कोण?" अण्णांनी विचारलं.

दादाभावोजी उठून आत गेले. भटजींना मात्र हवं होतं ते मिळालं. त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं.

त्र्यंबकरावांनी विहिरीवर जाऊन आंघोळ केली आणि सुतक फिटेपर्यंत मागच्या वाडीतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, आपलं बिऱ्हाड हलवलं. सुतकातला माणूस मुंजीच्या घरात वावरणार कसा? आणि मग आमच्या ध्यानात आलं की आता तात्यांचं कोण करणार. दादाभावोजींनी शाळेतून रजा घेतली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

पहिल्या सकाळी ते तात्यांच्या पलंगाशी गेले आणि हात कुठे घालावा हे न कळून नुसते उभे राहिले. तेवढ्यात खिडकीबाहेर, हाताच्या अंतरावर, त्र्यंबकराव येऊन उभे राहिले. गजांना हात न लावता.

"आधी विचारा," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तात्यासाहेबांना."

बापापुढे जन्मात मान वर न केलेला तो मुलगा. त्याने घसा खाकरून विचारलं, "तात्या, कूस बदलू?" तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटून हो म्हटलं. मग खिडकीतून एकेक सूचना येत गेली. गुडघा आधी वाकवा. खांद्याखाली हात न्या. ओढू नका, त्यांना आपल्याकडे येऊ द्या. दादाभावोजी घामाघूम झाले. एकदा तोल जाऊन ते तात्यांच्या अंगावरच पडले, तेव्हा बाप, मुलगा आणि खिडकीबाहेरचा माणूस असे तिघंही हसले. दादाभावोजी बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. वहिनींना म्हणाले, हे सगळं ते रोज करतात? वहिनी म्हणाल्या, रोज.

मुंजीच्या दिवशी दादाभावोजी आणि आमचे हे, दोघांनी मिळून तात्यांना खुर्चीवर बसवून मांडवात आणलं. धाकट्या भावाने खुर्ची घाईने उचलली तर थोरला त्याच्यावर डाफरला, आधी विचार त्यांना. तात्यांनी सगळी मुंज पाहिली. बंडू भिक्षा मागायला पुढे आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याच्या झोळीत तांदूळ घातले. अर्धे खाली सांडले, पण घातले. वाडीच्या टोकाला, मांगराच्या दारात त्र्यंबकराव उभे राहून पाहत होते. वहिनींनी पंगतीच्या आधी पहिलं पान वाढून त्यांच्याकडे पाठवलं.

सुतक फिटल्यावर ते पुन्हा कामावर आले. त्यांनी तात्यांची पाठ नीट तपासली आणि कुठे लालसुद्धा झालेलं नाही, असं दादाभावोजींना सांगितलं. पुढे म्हणाले, "बरं केलंत." शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने वर्गाला चांगला शेरा दिल्यावर दादाभावोजी फुलायचे, तसे ते फुलले. आम्ही त्यांना त्यावरून चिडवलं, तर तेही चिडले नाहीत. तेव्हापासून रविवारचं तात्यांचं सगळं ते स्वतः करू लागले.

तात्या त्या पावसाळ्यानंतर, आश्विनात गेले. सकाळी दाढी चालू असताना. अर्धी झाली होती. त्र्यंबकरावांनी आरसा पुढे केला आणि त्यांना कळलं. त्यांनी उरलेली अर्धी दाढी तितक्याच हळुवारपणे पुरी केली, तोंड पुसलं आणि मग बाहेर येऊन दादाभावोजींना सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. मागीलदारी भांडं विसळताना मात्र मी त्यांचे खांदे हलताना पाहिले. मी आत वळले. त्या वेळी तिथे कोणी जाऊ नये असं मला वाटलं.

तेरावा झाल्यावर त्यांनी निरोप घेतला. साखरप्याला एका घरी म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळले होते, तिथे ते जाणार होते. मलाही माहेरी पालीला जायचं होतं, एकाच वाटेवर. दादाभावोजी आम्हा दोघांना सर्व्हिस मोटारीवर पोचवायला आले. मी माझ्या लेकीला घेऊन बायकांच्या बाकावर बसले. त्र्यंबकराव पुढे खिडकीशी. मोटार भरली, ड्रायव्हर चहा पीत होता. शेजारच्या एका गृहस्थांनी दादाभावोजींना ओळखलं, तात्यांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि त्र्यंबकरावांकडे बघून सहज विचारलं, "हे आपले कोण? काका का?"

त्र्यंबकराव समोर पाहत राहिले. उत्तर देणं त्यांचं काम नव्हतं.

"काका नव्हेत," दादाभावोजी म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून ते जो आवाज लावत, तो आवाज. "माझ्या वडिलांसाठी मी यांना पगार देऊन ठेवलं होतं. दोन वर्षांहून जास्त होते. वडील मानाने जगले आणि सुखाने गेले, ते यांच्यामुळे."

मोटारीतली सगळी डोकी वळली. त्यांत आमच्या आळीतले दोघे-तिघे होते. दादाभावोजी खिडकीशी तसेच उभे राहिले, मान वर करून. माझ्या सासरच्या माणसांचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता. मग मोटार सुरू झाली.

हातखंबा गेला. पालीला मी लेकीला कडेवर घेऊन उतरले, ट्रंक खाली घेतली. मोटार हलणार तोच त्र्यंबकराव खिडकीतून वाकले. डोळे लाल झाले होते, पण लपवायचा प्रयत्न नव्हता.

"धाकट्या बाई," ते म्हणाले, "दादासाहेब आज मोठ्याने बोलले हो."

मी मान हलवली. मोटार साखरप्याच्या रस्त्याला लागली, आणि ते ताठ बसून पुढच्या कामाला गेले.